वस्तीत कार्यक्रम घ्यायचाय? आधी नळाची वेळ विचारा

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला, आणि आता जरा सवड काढून सविस्तर लिहिते. तुमच्या चर्चच्या तरुण संघाला डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पुणे स्टेशनजवळच्या एका वस्तीत उघड्यावर कार्यक्रम घ्यायचाय. गाणी, एक नाटिका, दोन साक्षी म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचे अनुभव, पाळकसाहेबांचं २० मिनिटांचं वचन म्हणजे प्रवचन आणि सगळ्यात शेवटी जेवणाची २०० पाकिटं, असा बेत आहे. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, परवानगी कुठून घ्यायची, कोणी येऊन अडवलं तर काय करायचं, आणि लोकांनी शेवटपर्यंत थांबावं म्हणून काय करता येईल.

तिसऱ्यापासूनच सुरू करते कारण माझा जीव तिथेच अडकलाय. पाकिटं शेवटी ठेवली की लोक थांबतात, हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच ती शेवटी ठेवलीत ना? तसं करू नका. हात जोडून सांगते, प्रार्थना आणि जेवण एका दिवशी, एका जागी, एका रांगेत आणू नका. बाकी मी जे काही पुढे लिहिलंय ते नाही पटलं तर सोडून द्या, पण हे एवढं ऐका.

मी येरवड्यातल्या एका वस्तीत वाढले. आमचं घर तेव्हा ख्रिस्ती नव्हतं. मी दहा वर्षांची असेन, तुमच्यासारखेच चांगल्या मनाचे लोक एका नाताळात आमच्या गल्लीत आले, पेटी होती, गिटार होती, आणि मागे टेम्पोत पुरीभाजीची पाकिटं. आईला सहा वाजता धुण्याभांड्याच्या कामावर जायचं होतं. तिने जाऊन विचारलं की दोन पाकिटं आधी मिळतील का, पोरांना देऊन मी जाते. तिथला एक जण म्हणाला मावशी आधी प्रार्थनेला बसा, मग सगळ्यांना मिळणारच आहे. तो काही उद्धट नव्हता हो, हसून बोलला. आई काही न बोलता घरी आली, आम्हा दोघांना चहा-चपाती दिली आणि कामाला गेली. त्या रात्री ती एवढंच म्हणाली की देवाचं नाव घ्यायला मला कुणी बसवायची गरज नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी ख्रिस्त आमच्या घरात आला तो त्या कार्यक्रमातून नाही आला, दर गुरुवारी वस्तीत येणाऱ्या एका नर्सबाईंमुळे आला, त्यांनी आईच्या पायाची साखरेची जखम चार महिने धुतली, आणि येशूचं नाव त्यांनी नाही काढलं, आईनेच विचारलं की तुम्ही हे का करता. मीही पुढे नर्सिंगच केलं, आणि गेली २४ वर्षं आमच्या मराठी चर्चचं वस्तीतलं काम बघते.

म्हणजे याकोबाच्या पत्रात जे आहे ना दुसऱ्या अध्यायात, की भाऊ-बहीण उघडे आहेत, उपाशी आहेत आणि तुम्ही नुसतं सुखी राहा म्हणालात तर काय उपयोग, ते आपण सगळे वाचतो आणि म्हणून पाकिटं घेतो. बरोबरच आहे. पण तिथे असं कुठे लिहिलंय की आधी ऐकून घ्या मग देतो? आणि मत्तयच्या सहाव्या अध्यायात दान करताना कर्णा वाजवू नका म्हटलंय, आपण तर शब्दशः दोन मोठे कर्णे खांबाला बांधून दान करतो.

दुसरं कारण पुण्याचं आहे. आपल्या शहराला या बाबतीत फार जुनी आठवण आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईला विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि १८९० मध्ये पुण्यात आणलं, तेव्हा रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं त्यांच्या सल्लागार मंडळात होती. पण १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून एवढा गदारोळ झाला की ती मंडळी बाजूला झाली आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला सक्ती केली नाही, माझ्या खोलीचं दार उघडं असतं एवढंच. मी त्यांचं खरं मानते. तरीपण बघा, जिथे आसरा आणि भाकरी आपल्या हातात आहे तिथे नुसत्या उघड्या दारावरही लोक शंका घेतात, मग आपण तर दार उघडं ठेवत नाही, रांग लावतो. नंतर केडगावला मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी आणलं, शिकवलं, विणकाम, छपाई, शेती असली कामं हाताला दिली, आणि आज सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी ते काम चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल की मग जेवण द्यायचंच नाही का. द्या की. पण वेगळ्या दिवशी द्या, आणि वस्तीला विचारून द्या. आमचा अनुभव असा की २०० पाकिटं घेऊन गेलं की ३५० माणसं येतात, ढकलाढकली होते, म्हाताऱ्या बायका मागे राहतात, आणि जी दोन घरं आधीच भांडत होती ती अजून भांडतात. त्यापेक्षा वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना शिधा द्या, त्या स्वतः चुलीवर किंवा गॅसवर मोठ्या पातेल्यात करतील, पुलाव म्हणा, मसालेभात म्हणा, त्यांची त्यांना माहिती असते की कोणत्या खोलीतली आजी एकटी आहे आणि कोण आजारी आहे, आणि वाढणाऱ्या त्या असतात, आपण नसतो, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. शाकाहारीच ठेवा, वस्तीत सगळ्या समाजाची माणसं असतात आणि कुणाला कशाचा उपास, कुणाला कशाचं वावडं. आणि पाकिटं बाहेरून आणणारच असाल तर दुपारी बांधलेला भात रात्री आठला वाटू नका, तो आंबतो, एका वर्षी लहान पोरांना उलट्या झाल्या होत्या आणि ती चूक आमचीच होती.

बरं आता वेळ. डिसेंबरचा तिसरा रविवार संध्याकाळ हे तुम्ही तुमच्या सोयीने ठरवलंय, चर्चची उपासना संपते, गाड्या मिळतात, सगळी पोरं मोकळी असतात. वस्तीच्या सोयीने विचार केलात का? पहिला प्रश्न नळाला पाणी किती वाजता येतं हा असतो. पाण्याच्या वेळेला तुम्ही स्वर्गातून देवदूत जरी आणलात तरी बाई हंडा सोडून येणार नाही, आणि तिने येऊही नये. धुण्याभांड्याच्या बायका दुपारी दोन-अडीचपर्यंत परत येतात आणि पाचला परत जातात. कचरावेचक ताया पहाटे निघतात, दुपारी माल निवडतात, त्यांची मोकळी वेळ तीन ते पाच. बिगारी कामावरच्या माणसांना बऱ्याच ठिकाणी आठवड्याचा पगार शनिवारी होतो, त्यामुळे शनिवार रात्र आणि रविवार हे दारूचे आणि भांडणाचे दिवस, रविवारी संध्याकाळी स्पीकर लावला की एक-दोन जण पिऊन नाचायला येणारच, मग तुमची पोरं घाबरणार, मग कुणीतरी ढकलणार, आणि झालं. आम्ही गेली कित्येक वर्षं मंगळवारी दुपारी साडेतीनला जातो. गर्दी कमी असते. पण जी माणसं असतात ती बसतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तर स्पीकरचं नावच काढू नका, बारावी-दहावीची परीक्षा असते आणि दहा बाय दहाच्या खोलीत पोरं अभ्यास करत असतात. २००३ मध्ये आम्ही हे केलं होतं. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत मोठा सेट लावला होता, एक मुलगा येऊन म्हणाला ताई उद्या माझा गणिताचा पेपर आहे, आवाज थोडा कमी करता का. आमचे एक भाऊ म्हणाले फक्त अर्धा तास राहिलाय बेटा, प्रभूचं काम आहे. पुढचे पाऊण तास चाललं. मी तिथेच होते आणि गप्प बसले. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, आणि त्याच्या गल्लीत आम्हाला परत उभं राहायला दोन वर्षं लागली.

परवानगीचं सांगते. ज्या पोलीस स्टेशनची हद्द आहे तिथे लेखी अर्ज द्यायचा, किमान दहा-पंधरा दिवस आधी. त्यात तारीख, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, नेमकी जागा, अंदाजे किती माणसं, स्पीकर आहे की नाही, आणि दोन जबाबदार माणसांची नावं नंबर. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, आणि ती पोच त्या दिवशी खिशात ठेवा, घरी फाइलमध्ये नको. रस्त्याचा भाग अडणार असेल तर वाहतूक शाखेला विचारावं लागतं, मांडव घालणार असाल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे स्पीकरला लेखी परवानगी लागतेच, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लावता येत नाही, राहत्या भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. ५५ डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसं बोलतात तेवढाच आवाज, म्हणजे बँड वगैरे सोडाच. मध्येमध्ये जमावबंदीचे आदेशही निघतात, ते त्या आठवड्यात परत एकदा विचारून घ्या. खरं सांगू का, वस्तीच्या गल्लीत स्पीकर लागतच नाही. पेटी, ढोलकी आणि टाळ पुरेसे आहेत. गल्ली सहा फुटांची असते, आवाज भिंतींवर आपटून आपोआप जातो.

रस्त्यावरच्या प्रचाराचं मुंबईचं एक जुनं उदाहरण आहे, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेची पहिली चार माणसं १८८२ मध्ये मुंबईत उतरली आणि बिगुल वाजवत रस्त्यावर मिरवणूक काढली, सरकार इंग्रजांचं, माणसं इंग्रज, तरी मिरवणुकीवरून अटका झाल्या आणि त्यांचे पुढारी फ्रेडरिक टकर यांना तुरुंगात जावं लागलं. म्हणजे रस्त्यावर प्रचार केला की पोलीस येतात हे काही आजकालचं नाही, त्यात छळ वगैरे लगेच शोधू नका. पण त्याच लोकांनी पुढे बूट काढले, भगवे कपडे घातले, गावातलं अन्न मागून खाल्लं आणि मग त्यांना लोकांनी घरात घेतलं.

कायद्याचं अजून एक, कारण तुमच्या पोरांनी ते नीट समजून घेतलं पाहिजे. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. आणि १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण सांगायचा हक्क, दुसऱ्याला धर्मांतरित करायचा हक्क नव्हे. दुसऱ्याच्या देवाबद्दल वाकडं बोललात तर भारतीय न्याय संहितेचं २९९ कलम आहे, आधी ते २९५अ होतं. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. साक्ष देणारे कितीतरी भाऊ-बहिणी सुरुवातच अशी करतात की मी पूर्वी मूर्तिपूजेच्या अंधारात होतो. समोर जी आजी बसलेय तिने सकाळी खंडोबाला हळद वाहिलीय, तिच्या आईनेही वाहिली होती. तिला तुम्ही पहिल्याच वाक्यात अंधारात ढकललंत. तुमच्या आयुष्यात काय झालं ते सांगा, दारू सुटली, नवरा-बायकोचं बोलणं परत सुरू झालं, मुलाला माफ केलं, ते सांगा. दुसऱ्याच्या देव्हाऱ्याचा विषयच कशाला.

आणि शब्द. आपली चर्चची मराठी चर्चबाहेर कुणाला कळत नाही हे आपल्या लक्षातच येत नाही. एकदा आमच्या पाळकसाहेबांनी मनापासून वचन दिलं, तारणाविषयी म्हणजे आत्म्याच्या उद्धाराविषयी, अर्धा तास. संपल्यावर एक मावशी माझ्याकडे आल्या आणि विचारलं ताई हे तारण किती टक्क्याने मिळतं, माझं मंगळसूत्र सोनाराकडे आहे ते सोडवायचंय. तिच्या आयुष्यात तारण हा शब्द तेवढ्याच अर्थाने होता. साक्ष म्हटलं की त्यांना कोर्ट आठवतं, आणि वस्तीत कोर्ट म्हणजे मुलाला पोलिसांनी उचललं ते. पाप या शब्दाचं तर फारच जपून. विधवा बाईला तिच्या सासरच्यांनी रोज ऐकवलेलं असतं की तुझ्या पापाने माझा मुलगा गेला, आणि आपण जाऊन म्हणतो तुम्ही पापी आहात. म्हणून मी आमच्या मुलांना सांगते की उधळ्या मुलाची गोष्ट सांगा, सरळ आपल्या भाषेत, बाप रोज वाटेकडे बघत बसायचा, लांबून पोरगं दिसलं की धावत गेला. एवढी गोष्ट कुणालाही कळते, कारण प्रत्येक चाळीतलं एक पोरगं कुठेतरी निघून गेलेलं असतं. सात-आठ मिनिटं पुरे. २० मिनिटं नाही.

आता ज्या विषयावर मी आमच्या मंडळीतसुद्धा भांडलेय. चंगाईची प्रार्थना, म्हणजे आजार बरा व्हावा म्हणून केलेली. प्रार्थना करा, जरूर करा, मी स्वतः रोज आजाऱ्यांसाठी करते आणि देव ऐकतो यावर माझा विश्वास आहे. पण रस्त्यावर माईकवरून आजाऱ्यांना पुढे बोलावून बरं झाल्याचं जाहीर करू नका. एका बाहेरून आलेल्या प्रचारकाने अशाच एका कार्यक्रमात टीबीच्या एका तरुण बाईला सांगितलं की तू बरी झालीस, विश्वास ठेव. तिला ताप नव्हता, खोकला कमी झाला होता, औषधाचा तिसरा महिना चालू होता, त्यामुळे तिलाही वाटलं की खरंच बरी झाले. गोळ्या बंद केल्या. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि दोन-तीन महिन्यांत बरं वाटतं, तिथेच तर घात होतो. पाच महिन्यांनी परत आली ती औषधांना दाद न देणारा टीबी घेऊन, मग लांबलचक कोर्स, कानात आवाज, उलट्या, आणि घरात दोन वर्षांचं मूल. तो प्रचारक परत कधी आला नाही. तिच्याबरोबर दर आठवड्याला दवाखान्यात आम्ही जात होतो. आपल्या महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. दाभोलकरांचा खून आपल्याच शहरात २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि त्यानंतर तो आला, तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, आणि तो सगळ्या धर्मांना सारखाच लागतो. पण कायद्यापेक्षा मला त्या बाईसारखं परत कुणाचं होईल याची भीती वाटते.

म्हणून प्रार्थनेनंतर हे वाक्य आमच्याकडे ठरलेलंच आहे, गोळी चालू ठेवा, पुढच्या तारखेला मी बरोबर येते. टीबीची औषधं महापालिकेच्या दवाखान्यात आणि ससूनला फुकट मिळतात, उपचार चालू असताना सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते, कितीतरी जणांचं खातंच जोडलेलं नसतं म्हणून अडकतात. ते जोडून द्यायला एक तुमचा कॉलेजचा मुलगा आणि एक मोबाइल पुरतो. हेपण वस्तीतलं कामच आहे बरं का.

दारूचं असंच. तुमच्या नाटिकेत शेवटी दारुडा बाटली फोडतो असं असेल, बहुतेक नाटिकांमध्ये असतंच. समोर बसलेला माणूस पंधरा वर्षं रोज पितो, त्याला भरून येतं आणि तो त्या रात्रीपासून बंद करतो. कुणी सांगत नाही की रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आमच्याकडे एकाला तिसऱ्या रात्री फिट आली होती, बायकोला वाटलं भूत लागलं. म्हणून नाटिका करणार असाल तर त्या दिवशी तुमच्यातल्या एकाने डॉक्टरांशी आधी बोलून ठेवलेलं पाहिजे, आणि येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, तिथला पत्ता वहीत लिहिलेला पाहिजे. ते ख्रिस्ती नाहीत म्हणून पाठवायचं नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

मुलांबद्दल मी फार कडक आहे. आई-वडिलांना माहीत नसताना लहान मुलांना हात वर करायला, प्रार्थना मागून म्हणायला लावू नका. चॉकलेट देऊन तर नाहीच. एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल असं कधीही कुठेही नाही, कायम दोन जण, त्यात एक बाई. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो चर्चच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका. मला कळतं की देणगीदारांना फोटो लागतात. पण ज्या पोरीचा तुम्ही हात पसरलेला फोटो टाकला ती उद्या अकरावीला जाणार आहे आणि तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर तो असणार आहे. काही चुकीचं दिसलं, मारहाण, कामाला लावलेलं मूल, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि जे कुणी सांगत नाही ते पण लिहिते. स्टेशनच्या, भवानी पेठेच्या, दांडेकर पुलाच्या बाजूच्या वस्त्यांत मातंग, बौद्ध, वाल्मीकी अशी घरं असतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्याला नाही. म्हणजे बाप्तिस्मा घेतला तर मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा यावर परिणाम होतो. हा कायदा मला अन्यायाचा वाटतो, पण आज तो आहे. हे माहीत असून जो माणूस आधी सांगत नाही, त्याने त्या कुटुंबाला फसवलं असं मी म्हणते. आम्ही पहिल्या वर्षी बाप्तिस्म्याचा विषयच काढत नाही, कुणी स्वतः काढला तर आधी हे सगळं घरातल्या सगळ्यांसमोर बसून सांगतो. काही जण थांबतात. थांबू देत, देव थांबलेल्यांवर रागावत नाही. आणि बुद्धविहारासमोर, समाजमंदिरासमोर कार्यक्रम नको, त्यांच्यासाठी १४ ऑक्टोबर १९५६ ला माणूस म्हणून उभं राहण्याचा मार्ग मिळालेला आहे, त्यांना सोडवायला आपण आलोय असं वागू नका. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पाणी वाटायला जा, ते चालेल.

कोणी येऊन अडवलं तर. पहिलं, माईक बंद, लगेच. दुसरं, बोलायचं एकानेच, आधी ठरलेल्या माणसाने, शक्यतो वयस्कर, आणि हात खाली ठेवून. बाकीच्यांनी बायका-मुलांना घेऊन निघायचं. पोच दाखवायची, वाद घालायचा नाही, बायबलची वचनं तर अजिबात नाही, पोलीस स्टेशनला फोन करायचा आणि ते म्हणतील ते ऐकायचं. मंडळाचा कार्यकर्ता तावातावाने येतो तेव्हा खूपदा त्याचा मुद्दा एवढाच असतो की आमच्या वस्तीत आम्हाला न विचारता तुम्ही आलात कसे. आणि तो मुद्दा बरोबर आहे. म्हणून कार्यक्रमाच्या आधी तीन-चार वेळा नुसतं जा. मंडळाच्या पोरांना भेटा, ज्यांच्या ओट्यासमोर उभं राहणार त्या घराला विचारा, रिक्षा स्टँडवर ओळख करा. आणि चहा दिला तर प्या. १८९० मध्ये याच पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे चहा प्यायले की नाही यावरून केवढं प्रकरण झालं, शंकराचार्यांपर्यंत गेलं. आज उलट होतं, आपलीच पोरं वस्तीतला चहा नाकारतात, पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात आणि कप नुसता हातात धरून उभी राहतात. घरच्या बाईला ते दिसतं. तिने शेजारून दूध आणलेलं असतं.

तुमच्याकडे तीन आठवडे उरलेत, तर माझं स्पष्ट मत असं की या डिसेंबरला मोठा कार्यक्रम रद्द करा. त्याऐवजी आठ-दहा जणांनी संध्याकाळी स्पीकरशिवाय नाताळची मराठी गाणी म्हणत वस्तीच्या मुख्य गल्लीतून जा, ज्यांच्या दाराशी बोलावतील तिथेच थांबा, अर्ध्या तासात निघा, जाताना करंज्या-शंकरपाळी द्या, जशी आपण शेजाऱ्यांना देतो तशी. पाकिटांचे पैसे बचत गटाला जानेवारीत शिध्यासाठी द्या. आणि जानेवारीपासून तुमच्यातले चार जण, फक्त चारच, दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच वेळेला त्याच ओट्यावर. पाऊस असो, कॉलेजची सबमिशन असो. चार जण मिळत नसतील तर काम सुरूच करू नका, कारण वस्तीने येऊन गेलेले खूप बघितलेत.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, दांडेकर पूल सगळीकडे घरात गळ्यापर्यंत पाणी शिरलं होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी फावडी आणि घमेली घेऊन गेलो, नऊ दिवस नुसता चिखल काढला, ओल्या गाद्या बाहेर टाकल्या, पोरांची वाहून गेलेली दप्तरं आणि आधार कार्डांची यादी केली. माईक नव्हता, बॅनर नव्हता, पत्रिका नव्हत्या. तिथे एक आजी आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे, त्यांच्या ओट्यावर आम्ही तेव्हापासून बसतो. त्या आमच्या चर्चला एकदाही आलेल्या नाहीत, त्यांच्या घरात तुळजाभवानीचा फोटो आहे आणि त्याच्याच खाली आमची दोन भजनं होतात, त्या टाळ वाजवतात. गेल्या महिन्यात आम्हाला एक मंगळवार जाता आलं नाही तर त्यांनी नातवाला फोन करायला लावला, विचारायला की कुणी आजारी आहे का. आणि परवा परत फोन, नळ आता तीनला यायला लागलाय, तुम्ही साडेचारला या.